छोट्या गाडीमागे ट्रॉली जोडावी काय?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर लोकांशी बोलत उभे होतो. शाहपूरकडील एक तरुण बागायतदार गर्दी ओसरेपर्यंत थांबला आणि मग जवळ येऊन म्हणाला, "फादर, एक विचारायचं होतं. जुनी छोटी कार घेतलीय. तिच्यामागं दोन चाकांची ट्रॉली जोडून घेतो म्हणतो. वेल्डिंगवाला तयार आहे. आठवडाभर केळीचे घड, खताच्या गोण्या नेईन, आणि रविवारी वस्तीवरची म्हातारी माणसं बसवून आणीन. तुम्हीच म्हणता ना, म्हातारे मिस्सेला येत नाहीत म्हणून!"

त्याचा हेतू इतका चांगला होता की आम्ही "बघू, मिस्त्रीला विचार," असे काहीसे बोलून वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर ते बोलणे मनाला लागून राहिले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकविताना आम्हांला एक सवय लावली होती: कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याआधी त्या एका प्रश्नात किती प्रश्न दडले आहेत ते पाहावे. येथे दोन होते. एक सामानाचा, दुसरा माणसांचा. पहिल्याचे उत्तर हिशेबाने देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना आम्हांलाच थोडे खाली मान घालावी लागली; ते पुढे येईल.

आधी सामान. ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो, मग कार का ओढू नये, असे वाटणे साहजिक आहे. ओढण्यापुरते म्हटले तर सपाट रस्त्यावर कार ओढीलही. पण ट्रॅक्टर मुळात ओढण्यासाठीच घडविलेला असतो. त्याची मागची चाके मोठी, वजन मागे, गियर सावकाश, आणि हुक थेट मागील जाड ओतीव भागाला खाली घट्ट बसविलेला. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे नेमके उलटे आहे. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांची. मागे हुकावर वजन पडले की तराजूच्या दांडीसारखी गाडीची मागची बाजू दबते व पुढची हलकी होते. जी चाके ओढणार आणि जी चाके वळविणार, तीच जमिनीवरून हलकी होतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हे फारसे जाणवणार नाही. आषाढात आपल्या काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर पुढची चाके जागच्या जागी फिरतील, स्टेअरिंग फिरविले तरी गाडी सरळच घसरत जाईल, आणि क्लच जळाल्याचा वास बांधावरच्या माणसालाही येईल.

दुसरी अडचण हुकाची. जुन्या जीपला खाली लोखंडी चौकट असे. तिला हुक जोडला तर ओढ चौकटीवर जाई. आजच्या छोट्या कारला तशी वेगळी चौकट नसते. पत्रा मुडपून, वेल्ड करून सगळे शरीरच एक केलेले असते. बंपर तर आता बहुधा प्लॅस्टिकचे कवच असते. वेल्डिंगवाला मनापासून काम करील, त्याबद्दल शंका नाही. पण तो पातळ पत्र्याला जाड लोखंड जोडणार. खड्ड्यांतून वर्षभर हिसके बसले की लोखंड जसेच्या तसे राहते आणि पत्रा फाटतो. गाडीबरोबर जी एक आटे असलेली कडी मिळते, ती बंद पडलेली गाडी थोड्या अंतरापर्यंत ओढून नेण्यासाठी असते. तिला ट्रॉली बांधणे म्हणजे शर्टाच्या गुंडीला पोहऱ्याचा दोर बांधण्यासारखे आहे. गाडीसोबत कंपनीची पुस्तिका येते, ती आपण सहसा प्लॅस्टिकमधून काढतही नाही. ती काढावी आणि ट्रेलर ओढण्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे. ओढू नये असे लिहिले असेल तर प्रश्न तेथेच संपला.

तरीही समजा, पुस्तिकेने परवानगी दिली आणि हुकही योग्य मिळाला. मग किती ओझे ओढावे? युरोपात कारमागे छोटा ट्रेलर जोडणे ही रोजची गोष्ट आहे. माळी, सुतार, सुटीवर निघालेली कुटुंबे, सगळे जोडतात. म्हणून तेथे याचे नियमही पक्के झाले आहेत. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर भरलेल्या वजनासह ७५० किलोंच्या वर असता कामा नये, हा तेथील नियम. ब्रिटनमध्ये आणखी एक अट आहे: असा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्याहून जड नको. दोहोंपैकी जे कमी ते धरायचे. त्याहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. त्यांची युक्ती मोठी छान असते. ट्रेलर मागून गाडीला ढकलू लागला की त्याची दांडी थोडी आत सरकते आणि त्या सरकण्यानेच ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. आपल्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानात मात्र असे ब्रेक बसवून मिळत नाहीत, तेव्हा आपण बिनब्रेकचाच हिशेब करू.

आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या सर्वांत छोट्या गाड्यांचे रिकामे वजन साधारण ६५० ते ८५० किलो असते. आपण ७०० धरू. निम्मे म्हणजे ३५०. त्यात ट्रॉलीचे स्वतःचे वजन आले. लोखंडी साटा, आस, दोन चाके, दांडी मिळून १५० किलो सहज होतात. आमचे वेल्डिंगवाले बांधव लोखंडाला कंजूषी करीत नाहीत. राहिले २०० किलो. चांगल्या पोसलेल्या बागेतील केळीचा घड २५ किलोंचा धरला तर हे झाले आठ घड. युरियाची गोणी आता ४५ किलोंची येते, त्या चार. डीएपीच्या ५० किलोंच्या, त्याही चारच.

आठ घडांसाठी हुक, ट्रॉली, दोन टायर, दिव्यांची वायर आणि सरकारी कागद! आता याच गाडीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. ती चार-पाच माणसे घेऊन चालते, म्हणजे ३०० किलोंच्या आसपास वजन ती पोटातच वाहते. मागची सीट दुमडली आणि चालक एकटा बसला, तर खताच्या त्या चार गोण्या गाडीतच मावतात. घड तेवढे मावणार नाहीत, आणि केळीच्या चिकाचे डाग सीटवरून जन्मात निघत नाहीत, हेही खरे. जुनी ताडपत्री अंथरावी. मात्र गोण्या आत ठेवल्या तरी दोराने पुढे-मागे बांधाव्यात. करकचून ब्रेक लागला की मोकळी गोणी चालकाच्या पाठीवर येते.

ज्यांच्याकडे थोडी भक्कम गाडी आहे, जीप किंवा पिकअप, आणि जे ट्रॉली जोडणारच आहेत, त्यांच्यासाठी पुढील दोन गोष्टी नीट सांगतो. खरे तर यांतील पहिली आपल्या आजोबांना पाठ होती.

बैलगाडी भरताना जुनी माणसे काय पाहत? ओझे मागे गेले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझे फार पुढे गेले की सगळा भार बैलांच्या खांद्यावर. म्हणून आसाच्या किंचित पुढे वजन ठेवून धुरकरी जू हाताने उचलून पाही, आणि मग बैल जुंपी. दोन चाकांच्या ट्रेलरचा नियम अक्षरशः हाच आहे. पाश्चात्त्य देशांत त्याला आकडा दिला आहे, इतकेच. ब्रिटनमध्ये एकूण भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकावर यावा असे सांगतात. ३५० किलोंच्या ट्रॉलीला तो १८ ते २५ किलो होतो. मोजायचे कसे? घरात वजनाचा छोटा काटा असतो, ज्यावर आपण उभे राहतो, तो सपाट जागी ठेवावा. त्यावर हुकाच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा उभा करून दांडीचे टोक टेकवावे आणि आकडा वाचावा. ठोकळ्याचे वजन वजा करायला विसरू नये.

बैल उलार गाडी ओढताना अडतो, मान झटकतो. आपल्याला लगेच कळते. मोटार अडत नाही. ती मुकाट्याने ४० च्या वेगाने जाते, ५० ने जाते, आणि साठाच्या जवळपास उताराला किंवा शेजारून मोठा ट्रक सुसाटत गेला की मागची उलार ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी झुलू लागते. प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, हात स्टेअरिंग उलट फिरवू लागतात, आणि या दोन्ही गोष्टी झोका वाढवितात. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरावे, ब्रेक दाबू नये, आणि गाडीला आपणहून मंद होऊ द्यावे. वेग उतरला की झोका थांबतो. मग गाडी कडेला घेऊन सामान पुढे सरकवावे. "हळू चालवू, होईल तसे" म्हणून तशीच पुढे नेऊ नये.

दुसरी गोष्ट थांबण्याची. साठाच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून छोटी कार सुमारे २० मीटरांत उभी राहते असे धरा. मागे तिच्या निम्म्या वजनाची बिनब्रेकची ट्रॉली असेल, तर तेच ब्रेक आता दीडपट वजन थांबवीत असतात, म्हणून २० चे ३० मीटर होतात. समोर बकरी आली हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे १७ मीटर वेगळेच. या ३० मीटरांत ट्रॉली काय करीत असते? ती दीडशे किलोंहून अधिक जोराने गाडीला मागून ढकलीत असते. रस्ता सरळ असेल तर ठीक. वळणावर हा धक्का तिरपा बसतो, गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी व ट्रॉली अडकित्त्यासारखी मिटतात. असीरगडच्या घाटात वळण, उतार आणि इंदूर-इच्छापूर मार्गावरचे ट्रक, तिन्ही एकत्र भेटतात. तेथे उतरताना ज्या गियरमध्ये चढलो असतो त्याच गियरमध्ये उतरावे. फक्त ब्रेकवर उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी लागत नाहीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. हुकाच्या पिनेला कुलपी कडी हवी. नुसता खिळा वाकवून घालणे बंद करावे. हुकाशिवाय दोन साखळ्या, दांडीखाली एकमेकींना ओलांडून, गाडीला जोडाव्यात. पिन निसटली तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर झेलली जाते. ट्रॉलीला मागे लाल दिवा, ब्रेकचा दिवा, दोन्हीकडचे इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर हवेत. ट्रॉली मागे घेताना ती स्टेअरिंगच्या उलट वळते, याचा सराव मोकळ्या खळ्यावर करावा, बाजारात नव्हे. आणि दांडी हुकावर चढविताना मध्ये हात ठेवणारा मनुष्य व गाडी मागे घेणारा मनुष्य यांनी आधी बोलून घ्यावे. अंगठे तेथेच तुटतात.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण अनेकांना वाटते की ट्रॉली म्हणजे निव्वळ सामान, तिला कागद कशाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हे वाहनच आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. वेल्डिंगवाल्याने बनविलेली, नंबर नसलेली ट्रॉली रस्त्यावर आणणे हा गुन्हा तर आहेच, पण दंडापेक्षा मोठे संकट विम्याचे. कारचा विमा कारचा असतो. नंबर नसलेल्या ट्रॉलीने कोणाला उडविले, तर विमा कंपनी हात वर करण्यास मोकळी, आणि भरपाई शेतातून जाते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ट्रॉलीत माणसे.

येथे कार आणि ट्रॅक्टर असा भेद उरत नाही, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. ऑक्टोबर २०२२ च्या पहिल्या तारखेला कानपूर जिल्ह्यात घाटमपूरकडे देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. २ जून २०२४ च्या रात्री आपल्याच राज्यात राजगढ जिल्ह्यात राजस्थानातून आलेल्या वऱ्हाडाची ट्रॉली उलटून १३ जण गेले. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या मजूर बायकांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला. सात जणी दगावल्या. आणि २ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दिवशी, आपल्या शेजारच्या खंडवा जिल्ह्यात पंधाना तालुक्यात देवीच्या विसर्जनाला निघालेली ट्रॉली तलावात पडली आणि ११ जण बुडाले. त्यांत मुले-मुलीच जास्त होत्या.

या चारही ठिकाणी लोक काही वाईट कामाला निघाले नव्हते. देवाला, लग्नाला, मजुरीला निघाले होते. जशी आपली माणसे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला निघतात. आणि येथे आमची कबुली. कित्येक वर्षे नाताळच्या रात्री वस्त्यांवरून ट्रॉल्या भरून लोक येत आणि आम्ही चर्चच्या दारात उभे राहून "या ट्रॉलीत तीस, त्या ट्रॉलीत चाळीस" असे आनंदाने मोजीत असू. मुले काठावर बसलेली, थंडीत ब्लँकेटे पांघरलेली, गाणी म्हणत. आम्ही त्यांना आशीर्वाद दिला, चहा दिला, आणि पहाटे त्याच ट्रॉलीत परत बसवून दिले. मागचा लाल दिवा लागतो की नाही, हे एकदाही पाहिले नाही. पंधान्याची बातमी वाचल्यावर त्या ट्रॉल्या आमच्या डोळ्यांपुढून जाईनात.

ट्रॉलीत बसलेला माणूस इतका असुरक्षित का? केळीचे घड भरताना आपण पाला अंथरतो, घड दाबून बसवितो, दोर आवळतो. वजन खाली आणि एका जागी राहते. माणसे उभी असतात, काठावर बसतात, वळणावर सगळी एकाच बाजूला झुकतात. वजन उंच जाते आणि ऐन नको त्या वेळी सरकते. ट्रॉली अरुंद आणि उंच. एक चाक रस्त्याच्या खाली साइडपट्टीवर उतरले की तेवढ्याने कलंडते. धरायला काही नाही, आणि उलटली की माणूस साट्याखालीच सापडतो. पाण्यात पडली तर साटा झाकणासारखा वर बसतो.

ट्रॅक्टर चालविणाऱ्यांनी आणखी एक तपासावे. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात चटकन वळता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ती दोन पेडले पट्टीने एकत्र अडकवायची असतात. घाईत ती मोकळीच राहतात. मग भरल्या ट्रॉलीसह वेगात एकच पेडल दाबले गेले, की ट्रॅक्टर एका बाजूला वळतो व ट्रॉली सरळ जाऊ पाहते. पुढचे सांगायला नको. तसेच ट्रॉली नेहमी खालच्या ठरलेल्या हुकालाच जोडावी. चिखलातून ओढ मिळावी म्हणून वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावरच मागे उलटतो.

विम्याचा कायदा येथेही कठोर आहे. मालवाहू वाहनातून फुकट बसवून नेलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००२ पासून आहे. २००७ साली ट्रॅक्टर-ट्रॉलीचेच एक प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. मजूर ट्रॉलीवर होता, माती वीटभट्टीसाठी चालली होती. विमा शेतीच्या कामासाठी ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हता. कंपनी कायद्याने बांधील नाही, असेच न्यायालयाने धरले. तो मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, अशी सवलत न्यायालयाने दिली. म्हणजे शेवटी भरणारा मालकच. ज्याने परोपकारासाठी शेजाऱ्यांना बसवून घेतले, त्याची दोन एकर बाग अशा एका खटल्यात जाऊ शकते, आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्याही हाती लवकर काही पडत नाही.

हे पान आरोग्याचेही आहे, तेव्हा अपघात दिसलाच तर काय करावे तेही लिहून ठेवतो. प्रथम इंजिन बंद करावे व मागच्या वाहनांना थांबवावे, नाहीतर दुसरा अपघात होतो. १०८ ला फोन करावा. उलटलेला साटा दहा-वीस हातांनी उचलायचा असेल तर आधी दगड किंवा ओंडके लावून तो परत खाली बसणार नाही असे करावे. ज्याला मानेत किंवा पाठीत दुखते, हातापायांना मुंग्या येतात, त्याला आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर हलवू नये. हलवावेच लागले तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी मिळून फळीवर घ्यावे. दोघांनी हातपाय धरून झोळीसारखे उचलणे हीच आपली नेहमीची चूक. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी, सारखे उघडून पाहू नये. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. पाण्यातून काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर पोट दाबून पाणी काढीत बसण्यात वेळ घालवू नये, तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. हे वाचून येत नाही. सरकारी रुग्णालयातील एखाद्या परिचारिकेला विनंती करून युवक मंडळाला शिकवून घेण्याचा आमचा विचार आहे. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता सोडावी. २०१९ मध्ये कायद्यात बदल होऊन मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे एका संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर बसून सांगितले. त्याने वहीत हिशेब स्वतः परत करून पाहिला. आठ घडांचा आकडा आला तेव्हा तोच हसला. माल मंडीत न्यायला त्याने आता शेजारच्या दोघांबरोबर छोटा हत्ती भाड्याने ठरविला आहे. ती गाडी २००५ साली बाजारात आली तेव्हापासून आपल्या भागातील छोट्या शेतकऱ्याचा बैलच झाली आहे. ती साडेसातशे किलोंच्या आसपास माल एका खेपेस नेते, म्हणजे तीस घड, आणि ब्रेक चारही चाकांना. भाडे तिघांत वाटले जाते. तिच्यातही माणसे भरू नयेत, हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो.

म्हाताऱ्यांचा प्रश्न मात्र राहतोच, आणि तो त्याचा एकट्याचा नाही. तो चार जणांना कारमध्ये, सीटवर बसवून, पट्टे लावून आणू शकतो. एका रविवारी दोन खेपा करायलाही तो तयार आहे. पेट्रोलचे पैसे धर्मग्रामाच्या निधीतून द्यावेत असे आम्ही समितीपुढे ठेवले आहे. ज्यांना तेवढाही प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही वस्तीवर येऊन मिस्सा करू. जागा शाळेजवळच्या लिंबाखाली. पावसाळ्यात कोणाच्या ओट्यावर, ते त्या त्या वेळी कळवू.

येत्या नाताळच्या रात्रीपासून चर्चच्या आवारात माणसे भरलेली ट्रॉली घेतली जाणार नाही. लांबच्या तीन वस्त्यांसाठी मध्यरात्रीऐवजी संध्याकाळी सहाची मिस्सा राहील, म्हणजे शेवटच्या बसने परत जाता येईल. ज्यांना बस नाही त्यांनी आपली नावे व माणसांची संख्या डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत द्यावी. त्याप्रमाणे प्रवासी गाडी ठरविता येईल.

आणि ट्रॉलीसाठी त्या तरुणाने जी दोन लोखंडी चॅनेल आधीच आणून ठेवली होती, त्यांचे त्याने गोठ्याला फाटक करून घेतले.